आधी काटा, मग नमस्कार

"हे नाटक आहे," सर म्हणाले आणि माझा फोटो टेबलावर पालथा घातला. मग दुसरा उचलला. "हेपण नाटक." तो बी पालथा. असं करत करत माझे सगळे फोटो पालथे पडले, आणि शेजारची पोरगी माझ्याकडं अशी बघायली जसं काही मीच कुणाच्या तरी पोरीला खोटंच सासरी धाडलं.

आता खोटं कसं म्हणायचं तुमीच सांगा! त्या सगळ्या नवऱ्या खरंच गेल्या, खरंच रडल्या, एकजण तर गाडीत बसल्यावर परत खाली उतरली होती. मी तिथंच होते, तीन हातांवर, कॅमेरा घेऊन. पण सरांना सांगून उपयोग नव्हता आणि लय चीड याची आली की सर एकदम चूक बी नव्हते.

कारण मी जिंतूरला मामाच्या फोटो स्टुडिओत काम करते. कॉलेज बी चालू आहे, पण ते आपलं चालू आहे एवढंच. लग्नसराईत मामा व्हिडिओ घेतो, मी फोटो काढते. आणि मामाचं पाठवणीचं काम कसं असतं, तर नवरी आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायली की मामा मधीच ओरडतो, "थांब बेटा, थांब! डोळे पुसू नको, बॅटरी बदलू दे." मग बॅटरी बदलून, "हां, आता पड परत आईच्या गळ्यात. आई, तुमी जरा उजेडाकडं. मावशी, तुमी बाजूला व्हा, तुमचं रडणं नंतर घेऊ." आणि मावशी खरंच बाजूला होऊन, पदर तोंडाला तसाच धरून, आपला नंबर यायची वाट बघत उभी राहती. मी असेच फोटो घेऊन परभणीला गेले होते. मग माणूस नाटकच म्हणणार.

परभणीला मी दर रविवारी फोटोग्राफीच्या क्लासला जाते. त्या क्लासमधल्या पोरापोरींच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. विषय 'प्रेम, माया, निरोप'. एकेकाचा एकच फोटो, फ्रेम करून, भिंतीवर. मला त्या भिंतीवर लागायचंच होतं. लय म्हणजे लयच. माझे फोटो आतापर्यंत सगळे अल्बमात गेलेत, खाली मामाच्या स्टुडिओचं नाव, लोक बघणार ते मांडीवर घेऊन, बघणार काय तर आपण कसे दिसायलोत ते. माझा फोटो भिंतीवर आहे आणि कुणीतरी अनोळखी माणूस त्याच्यासमोर उभं राहून बघायलंय, असं एकदा तरी व्हावं असं मला वाटायचं. बास एवढंच.

सरांनी आमाला पडद्यावर मोठमोठ्या लोकांची चित्रं दाखवली, फोटो दाखवले. रेल्वेच्या खिडकीतून बाहेर आलेला हात आणि खाली तो धरून पळणारी बाई. लढाईवर निघालेला माणूस आणि त्याच्या छातीत तोंड खुपसलेली बायको. म्हातारा म्हातारीच्या कपाळावर ओठ टेकवायलाय. सगळीकडं मिठ्या. सर म्हणाले, "लग्नात शोधू नका. तुमच्या घरात शोधा. प्रेम घरात असतं."

घरात!

मी पूर्ण रस्ताभर बसमध्ये बसून चिडायले होते. आमचं घर येलदरीकडं, आबांची मेंढरं आहेत, थोडं रान आहे, आई शेरडं सांभाळती आणि कापसाच्या दिवसांत वेचायला जाती. आणि आमच्या घरात आई-आबा दिवसभर एकमेकांशी काय बोलतात, तर "पाणी पाजलं का?" "पाजलं." झालं. भिंतीवर दोघांचा एक फोटो आहे, लग्नाच्या पुढच्या वर्षी जत्रेत काढलेला, त्यात दोघांच्या मधी एवढी जागा आहे की आरामात एक शेळी निघून जाईल.

तरी मी प्रयत्न केला. दिवाळीत दोघांना अंगणात बसवलं आणि म्हणले, "जरा जवळ सरका."

"कशाला? जागा हाय की," आबा म्हणाले.

"फोटोला चांगलं दिसतं आबा. आणि आईच्या खांद्यावर हात ठेवा."

आबांनी डोक्याचा रुमाल नीट केला, उठले, आणि मेंढराकडं निघून गेले. ते गेल्यावर आईनं मला जे धुतलं! "लाज हाय का उलशी? बापाला काय सांगायलीस तू? हात ठेवा म्हणं खांद्यावर! उद्या म्हणशील नाच करा." मी म्हणले अगं त्यात काय, सगळे करतात. तर म्हणती, "सगळे करत्यात ते सगळ्यांच्या घरी."

मग मला सुचलं की निरोप! आबा दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन मानवतकडं जातात. तिकडं कापूस निघून गेलेली रानं असतात, मेंढरांना पाला मिळतो, रानवाल्यांना खत मिळतं. भावकीतले दोन काका बी जातात. पार पावसाळा तोंडावर आला की मग वापस. म्हणजे इतके महिने आईला नवरा दिसणार नाही, तर निघताना काहीतरी तर होईल ना? काहीतरी! मी दरवर्षी झोपलेली असायचे, नाहीतर कॉलेजला. यंदा मी पहाटंच उठून, कॅमेरा गळ्यात घालून, वाड्याच्या कडंला बसले. वाडा म्हणजे आमच्यात मेंढरं कोंडायची जागा, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलेलं.

काय झालं सांगू का? आईनं भाकरीचं फडकं आणून दगडावर ठेवलं. आबांनी दगडावरून उचललं. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात बी नाही! मधी दगड! मी कॅमेरा डोळ्याला लावून बसलेली, माझं बोट बटनावर, आणि माझ्यासमोर काय तर दगड. मला रडायला यायलं होतं रागानं.

मेंढरं बाहेर पडायली आणि तेवढ्यात एक कोकरू मागं फिरून काट्यांच्या कुंपणात घुसलं. आई त्याला काढायला धावली आणि मटकन खाली बसली. टाचेत काटा. बाभळीचा, चांगला लांब, आत मोडलेला.

"काय झालं?" आबा तिकडून.

"काय न्हाई. तुमी निघा."

आबा आले. उकिडवे बसले, आईचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला. आईच्या बांगडीत नेहमी पिना अडकवलेल्या असतात. आबांनी मान वर बी न करता नुसता हात पुढं केला आणि आईनं बी काही न विचारता मनगट पुढं केलं. त्यांनी पिन काढून घेतली. आणि टोकरायला लागले.

"हलू नको. मेंढरासारखी कामून करायलीस?"

"मेंढराला असं टोचत नसताल तुमी."

"मेंढरू बोलत न्हाई मला उलटं."

आई हसली. दात दाखवून, पदराबिदराचं भान नाही. आणि तोल जाऊ नये म्हणून तिनं एक हात टेकला, तो कुठं, तर आबांच्या डोक्यावर. रुमालावर. मागून ऊन आलेलं, मेंढरांच्या पायांची धूळ त्या उन्हात वर चढलेली, आबांची मान खाली, आईचा हात त्यांच्या डोक्यावर. मी बटन दाबलं. देवा शप्पथ सांगते, मला दाबतानाच कळलं. असं असतं ते. मी लगेच स्क्रीनवर बघितलं, मोठं करून बघितलं, फोकस एकदम धारदार, आईची नखं दिसायली, आबांच्या ओठात धरलेली जीभ दिसायली, मी तिथंच गोल गोल फिरून नाचायले. मान वर केली तर आबा मेंढरांच्या मागं लागलेले. पाठीमागं न बघता म्हणाले, "पांढरीच्या खुराकडं ध्यान दे." पांढरी म्हणजे शेळी. हा आमचा निरोप.

मला काय करायचंय आता निरोपाचं! मी उभ्या उभ्या फोनवर सरांना फोटो पाठवला. सरांचं उत्तर आलं: "अप्रतिम. हाच लावू." मी आईकडं पळत गेले.

आईनं कॅमेऱ्यात बघितलं. मला वाटलं हसंल. तिचा चेहराच उतरला.

"पुस हे."

"अगं?"

"पुस म्हणले ना. नवरा पायापाशी बसलेला, आन वरून म्या डोक्यावर हात दिलेला! डोक्यावर! हे जगाला दाखवणार तू? आन नमस्कार कुठाय?"

"कुठला नमस्कार?"

"केला की म्या! पाय खाली ठिवल्या ठिवल्या केला. तवा तू त्या डब्यात डोकं घालून नाचायली होतीस."

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावला तर बायकोला पाप लागतं. म्हणून कुणी बायकोला लंगडत सोडत नाही हां, काटा रुतला, पाय मुरगळला तर नवरा पाय धरतोच. पण काम झालं की बायको तिथल्या तिथं वाकून नमस्कार करती आणि विषय मिटतो. फिटलं म्हणतात. मी लहानपणापासून बघितलंय, कधी डोक्यात बी आलं नाही की ही काही बघायची गोष्ट आहे. जसं कुणी ठसकलं की पाणी देतो, तसं ते.

मी आईला लय समजावलं. म्हणले हेच तर प्रेम आहे, सर म्हणतात अप्रतिम आहे, लोक बघून खूश होतील, कुणी पापबिप म्हणणार नाही, शहरातले लोक आहेत ते. आणि तू नमस्कार केलास ना, मग फिटलं ना, मग आता काय?

आई म्हणाली, "म्या उठले तितून. फोटोतली कवा उठणार? ती तसाच पाय ठिवून बसणार जलमभर."

मी पाय आपटत जिंतूरला गेले.

मामा म्हणाला, "लावून टाक गं. अक्का काय परभणीला येऊन बघणाराय? तिला काय कळतंय."

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, आणि आईला काय कळतं हे त्याला चांगलं माहितीय, कारण लहानपणी तिच्या हातचा मार त्यानंच खाल्लाय. तरी असं बोलतो. आणि खरं सांगू का, माझ्या मनात बी तेच आलं होतं. पण परभणीला आमच्या भावकीतल्या निम्म्या पोरी दिलेल्या आहेत. कुणीतरी बघणार, मोबाईलवर काढणार, फिरत फिरत आईच्या पुढ्यात येणार. आणि ते राहू द्या, 'माया' नावाच्या प्रदर्शनात आईपासून लपवून आईचाच फोटो लावायचा, हे मलाच कसंतरी व्हायला लागलं. मी रात्रंदिवस तोंड फुगवून. आई बी बोलंना. शेवटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "लावायचा आसंल तर दोनी लाव."

"दोन कुठले?"

"काट्याचा आन नमस्काराचा. शेजारी शेजारी. मंग माझं काय म्हणणं न्हाई."

"अगं नमस्काराचा काढलेलाच नाही!"

"मंग काढू."

"आबा मानवतला आहेत!"

"मंग मानवतला जाऊ." तिनं तव्यावरची भाकरी उलथली. "हाफ तिकीट हाय की आता बायांना."

बायांना हाफ तिकीट झाल्यापासून आमची आई बसला काही समजतच नाही. आमी निघालो. आईनं पहाटं धपाटे केले, दही घेतलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, कारण फोटोत दिसणार. मी म्हणले अगं त्या दिवशीचंच नेस ना, दोन्ही फोटो सारखे दिसायला पाहिजेत. तर म्हणती, "ते फाटकं? त्या फोटोत बी तेच हाय? बया! मंग तर हेच नेसते." मी कपाळावर हात मारला. जिंतूरला बस बदलली, परभणीला बदलली, मानवतच्या अलीकडं उतरून रानातून चालत गेलो.

आबांनी आमाला लांबूनच बघितलं आणि ते पळतच आले. तोंड पांढरं पडलेलं.

"कोण गेलं?"

कारण असं न सांगता रानात येऊन कुणी उभं राहतं ते तेवढ्याच कामासाठी.

"कुणी न्हाई गेलं," आई म्हणाली. "फोटो काढायचाय."

मागून दोन्ही काका आले. त्यांना कळलं तेव्हा थोरले काका म्हणाले, "वैनी, फोटोसाठी येवढ्या लांब? लग्नातला राहिला होता का?" धाकटे काका म्हणाले, "आरं, थांबा, मी तोंड धुवून येतो." आईनं पदर पुढं ओढला पण हटली नाही. आबांना म्हणाली, "बसा तितं दगडावर. तुमी काटा काढला तवाचा नमस्कार काढायचाय."

"त्यो तर केलास की तू."

"फोटोत न्हाई आला."

आबा बसले. बसले कसे, तर दवाखान्यात सुई टोचून घ्यायला बसल्यासारखे, दोन्ही हात मांडीवर. मी देवाला हात जोडले. मामाच्या व्हिडिओत निदान लोक हौसेनं नाटक करतात, इथं तर बळजबरीचं नाटक! आई पुढं आली, वाकली, आणि आबांनी पाय मागं घेतला.

"अगं उठ, माणसं बघायलीत."

"बघू द्या! पाय ठिवा सरळ."

"उठ म्हणलो ना."

"आवं पाय ठिवा, माझी कंबर धरली!"

आबांनी तिला उठवायला तिच्या दंडाला धरलं, आईनं दुसऱ्या हातानं त्यांच्या हातावर फटका मारला, तेवढ्यात कुत्रं मधी, कुठूनतरी एक मेंढी आली ती नेमकी पाठ करून उभी राहिली, आणि मी घाईघाईत बटन दाबलं. आईनं फटका मारलेल्या हातानंच त्यांच्या पावलाला हात लावला, कपाळाला नेला, आणि उठली. "झालं."

मी स्क्रीन बघितली. तिरका. ऊन समोरून. आईचं तोंड पदरात, आबांचं तोंड उघडं, आणि डाव्या बाजूला सगळं मेंढीचं बूड.

"अजून एकदा," मी म्हणले.

"न्हाई."

"अगं आई, खराब आलाय! एकदाच फक्त!"

"एकाला एक," आई म्हणाली. "दोनदा केला तर मंग फेडायचं ह्यांच्यावर चढंल."

आबांनी मान हलवली. ह्यात त्यांचं दोघांचं एकमत. दोघांच्या एकमताचा मी पहिल्यांदा बघितलेला विषय हा! मी तिथंच ढेकळावर बसून राहिले. आईनं धपाट्याचं फडकं सोडलं, सगळे जेवले, आबांनी पांढरीच्या खुराचं विचारलं, आईनं सांगितलं बरं हाय. उन्हं कलायला लागली तसं आमी निघालो. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. मी मुद्दाम मागं वळून बघितलं, तर आबा आमच्याकडं पाठ करून मेंढरं कोंडायची जाळी ठोकायले होते.

बसमध्ये मी आईला विचारलं, "तुला आबांची आठवण येत नाही का गं?"

"येती की."

"मग म्हणत कामून नाहीस?"

"कुणाला म्हणू? तुपल्या डब्याला?"

क्लासला दोन्ही फोटो नेले. सरांनी काट्याचा परत एकदा हातात घेऊन बघितला, खूश झाले, आणि नमस्काराचा बघून म्हणाले, "याचं काय करायचं? उजेड नाही, रचना नाही. आणि ही काय मेंढी?" मी म्हणले सर, दोन्ही लागले तरच लावायचे, नाहीतर एक बी नाही. सर म्हणाले नियम एकाचा आहे. मी सगळं सांगितलं, काटा, पाप, पिन, मानवत, सगळं, इतक्या जोरात की बाहेरची पोरं आत डोकावली. सर ऐकत राहिले आणि मग त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "जोडी म्हणून लावू. छान होईल. खूप छान होईल." मी बसमध्ये उभ्यानं आले आणि माझे पायच दुखले नाहीत.

मामानं फ्रेमसाठी मोठ्या प्रिंट काढून दिल्या. नमस्काराची प्रिंट बघून म्हणाला, "मागं धबधबा टाकू का? निदान त्या मेंढीचं बूड तरी झाकंल." मी म्हणले मामा, तू हात जरी लावलास ना!

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आई आली. मी बोलवलं नव्हतं, ती आपणहून आली, तेच लुगडं नेसून. हॉलमध्ये बऱ्यापैकी गर्दी, आणि आमच्या फोटोंसमोर खरंच माणसं उभी होती! अनोळखी! एक बाई दुसरीला कोपरानं ढोसून दाखवायली होती. मी गर्दीतून पुढं घुसले, आणि मग मला दिसलं.

सरांनी आधी नमस्काराचा लावला होता. मग काट्याचा. खाली छापील पट्टी: 'परंपरेकडून प्रेमाकडे'.

आता मी खरं सांगते. मला ते लय आवडलं. डावीकडून बघत यावं तर आधी बाई पुरुषाच्या पायाशी, मग पुरुष बाईच्या पायाशी, आणि शेवटाला आईचा तो हात, रुमालावर. तिरका, खराब फोटो आधी बघून मग तो बघितला की तो आणखीच उजळून दिसायला होता. मेंढीचं बूड सुद्धा खपून गेलं! मला वाटलं, अरे, हे मला कामून नाही सुचलं.

आई म्हणाली, "हे उलटं हाय."

"उलटं नाही गं, सरांनी मुद्दाम तसं लावलंय. बघ, आधी तू वाकायलीस, मग आबा..."

"आन मंग?"

"मग काय? तिथं संपतं."

"संपतं कसं? म्या पाय ठिवून बसलेच की तशी. एवढं मानवतला जाऊन काय केलं मग आपण?"

तेवढ्यात सर आले, हात जोडून. "नमस्कार ताई! तुमच्यामुळं आमच्या प्रदर्शनाला..."

"सर, हे आधी पायजे, हे मंग," आईनं बोटानं दाखवलं.

"हो, तसं घडलं असेल. पण कलेच्या दृष्टीनं, ताई, आपण लोकांना कुठून कुठं नेतो, ते महत्त्वाचं असतं. शेवट प्रेमावर व्हायला हवा ना?"

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हातातली पिशवी माझ्याकडं दिली, पदर खोचला, आणि नमस्काराची फ्रेम खिळ्यावरून उचलली. सर म्हणाले, "अहो, अहो ताई!" आईनं ती काखेत धरली, दुसरी उचलली, डावीकडच्या खिळ्याला लावली. मग काखेतली उजवीकडं. कुणीतरी मोबाईल काढला. सर माझ्याकडं बघायले की तू तरी काही बोल. मी काय बोलू? माझ्या हातात पिशवी.

"आता ठीक हाय," आई म्हणाली. आणि मग ती गेली नाही. कोपऱ्यातली खुर्ची ओढली, फोटोच्या बाजूला ठेवली, आणि हॉल बंद होईपर्यंत तिथं बसून राहिली. लोक फोटो बघायचे, मग आईला बघायचे, मग परत फोटो. एका आजोबांनी विचारलं, "तुमीच का?" आई म्हणाली, "व्हय. आन ते पायापाशी हायत ते आमचे मालक. पण पुढं बघा, फिटलंय." जो येईल त्याला हेच. मला जमिनीत गाडून घ्यावं वाटायलं होतं. मी ज्या फोटोसाठी एवढं केलं, त्याच्यापुढं शांतपणे एक माणूस उभं राहावं एवढंच मला पाहिजे होतं, आणि तिथं माझी आई ठाण मांडून माहिती सांगायली!

दुसऱ्या दिवशी आईला शेरडं सोडून येता आलं नाही. मी एकटी गेले.

फ्रेमा परत फिरवलेल्या. नमस्कार आधी, काटा मग.

समोर तीन-चार माणसं उभी होती, शांत. कुणी काही सांगायला नव्हतं. ती डावीकडून बघत आली आणि काट्याच्या फोटोपाशी थांबली, अगदी मला वाटायचं तशी थांबली. एक पोरगी पुढं वाकून आईच्या हाताकडं बघायली. मी मागं उभी राहून त्यांना बघितलं. पोटभर बघितलं. आईला कळणार नव्हतं. कळायचं काही कारणच नव्हतं.

माणसं पुढं गेली तशी मी पुढं झाले, नमस्काराची फ्रेम काढून काखेत धरली आणि काट्याची खिळ्यावरून उचलली.

"तू पण?" सर मागून आले. चिडले नव्हते, दमल्यासारखे वाटायले. "एक सांग. तुला स्वतःला कोणता क्रम बरोबर वाटतो?"

"तुमचा," मी म्हणले, आणि काटा डावीकडच्या खिळ्याला लावला.